गाडीआधी पोचणारी खबर

३० जून २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके बंद झाले. मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोली ही नावे ट्रकवाल्यांना तोंडपाठ होती, कारण तिथे रात्री जात. माल काय आहे, किती किमतीचा आहे, कुणाकडून कुणाकडे चालला आहे, हे कागदांची पिशवी घेऊन ड्रायव्हर खिडकीवर सांगे. त्यावरून जकात ठरे, पावती फाटे आणि मग गाडी सुटे. महापालिकेच्या तिजोरीत यातून वर्षाला सात हजार कोटींच्या घरात रक्कम येई. वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ही सगळी विचारपूस एका रात्रीत रस्त्यावरून उठून संगणकावर गेली.

वाहतुकीतले माहिती तंत्रज्ञान म्हटले की डोळ्यांपुढे विनाचालक मोटारी आणि ड्रोन येतात. आपल्या रस्त्यांवर घडलेला खरा बदल याहून साधा आणि मोठा आहे. ट्रकचे इंजिन पूर्वीपेक्षा फारसे वेगाने पळत नाही, लोकलही तेवढ्याच वेळात कर्जतला पोचते. पण माल, प्रवासी, गाडी आणि पैसा यांची माहिती पूर्वी गाडीबरोबर किंवा गाडीच्या मागून येई, ती आता गाडीच्या पुढे जाते. त्यामुळे वाटेतले थांबणे घटते. ज्याच्या हाती ही खबर असते त्याचा शब्दही आता चालतो. म्हणून प्रत्येक सोयीला दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटते: थांबणे कुणाचे कमी झाले, आणि खबर कुणाच्या हाती गेली?

खिडकीमागचे रजिस्टर

रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण १९८५ साली दिल्लीत सुरू झाले. त्याआधी गाडीगणिक आणि तारखेगणिक जाडजूड रजिस्टरे असत. ज्या कारकुनापुढे ते रजिस्टर उघडे, त्याच खिडकीवर त्या गाडीचे तिकीट. म्हणून वेगवेगळ्या गाड्यांच्या वेगवेगळ्या रांगा लागत. परतीचे आरक्षण हवे असेल तर दुसऱ्या शहराला तार जाई आणि उत्तराची वाट पाहावी लागे. रेल्वेने १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही स्वतःची संगणक संस्था उभारली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ मध्ये एकमेकांना जोडली गेली, तेव्हा कुठल्याही खिडकीवर कुठूनही कुठलेही आरक्षण मिळू लागले. माझ्या मते रेल्वेच्या सगळ्या संगणक-इतिहासातला हाच सर्वांत मोठा टप्पा आहे. पुढे इंटरनेट आले, त्याने तीच खिडकी घरात आणली.

आयआरसीटीसीची ऑनलाइन विक्री ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झाली तेव्हा पैसे संगणकावर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचे. २००५ च्या ई-तिकिटाने कुरिअरही गेले. खरे तिकीट म्हणजे सर्व्हरमधली नोंद आणि हातातला कागद ही तिची फक्त खूण, हे तिकीट तपासनिसापासून प्रवाशापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडायला काही वर्षे लागली. आज आरक्षित तिकिटांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तिकिटे ऑनलाइन निघतात.

मुंबईच्या लोकलमध्ये डिसेंबर २०१४ पासून मोबाइलवर अनारक्षित तिकीट मिळू लागले. त्यात एक बारीक युक्ती होती. फोन रुळांपासून ठरावीक अंतर दूर असल्याशिवाय ॲप तिकीट देत नसे, नाहीतर टीसी दिसल्यावर डब्यातच तिकीट काढण्याची सोय झाली असती.

रांग मात्र पूर्णपणे गेली नाही. तत्काळची रांग आता वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाच्या आणि बाकीच्यांसाठी अकराच्या ठोक्याला लागते, आणि तिथे माणसाची स्पर्धा माणसाऐवजी सॉफ्टवेअरशी असते. नाव, वय, गाडी क्षणार्धात भरणारे दलालांचे प्रोग्राम बोटांना हरवतात. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट फक्त आधारशी जोडलेल्या खात्यावरून काढता येते, आणि पहिला अर्धा तास एजंटांना ते बंद असते. रेल्वेने कोट्यवधी संशयास्पद खातीही बंद केली. हे आवश्यकच होते. पण पुण्यात बांधकामावर राबणाऱ्या बिहारी मजुराला आधारचा ओटीपी, इंटरनेटचा वेग आणि इंग्रजी रकाने एकाच मिनिटात जमत नाहीत. तो मोबाइलच्या दुकानात जातो, वर पैसे देतो. जुना दलाल स्टेशनबाहेर उभा असे, नवा काउंटरमागे बसतो.

नकाशाला रस्ता कसा कळतो

जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. नागरी वापरासाठी त्यांच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती मे २००० मध्ये काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंतची चूक काही मीटरांवर आली. किमान चार उपग्रहांकडून आलेल्या संकेतांच्या वेळेतल्या फरकावरून फोन आपली जागा काढतो. इथपर्यंतचे काम फोनचे.

खंडाळ्याच्या घाटात पुढे कोंडी आहे हे मात्र उपग्रहाला कळत नाही. ते कळते पुढे अडकलेल्या माणसांच्या फोनमुळे. प्रत्येक फोन आपली जागा आणि वेग पाठवत राहतो. जुन्या अमृतांजन पुलाच्या जागेजवळ शेकडो फोन पायी चालल्याच्या वेगाने सरकत असतील तर तिथली रेघ लाल होते. म्हणजे कोंडीची खबर कोंडीत सापडलेलेच देतात, तिचा उपयोग मागून येणाऱ्यांना होतो आणि ती साठते कंपनीकडे. दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सोय गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये जगात सर्वप्रथम भारतात आणली, कारण आपल्या गल्ल्यांतून निघणाऱ्या दुचाकीला आणि मोटारीला पोचायला लागणारा वेळ सारखा नसतोच.

या नकाशाची एक मर्यादा जिवावर बेतलेली आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात एक मोटार धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा जीव गेला. वाटेतला पूल पाण्याखाली होता. फोनवरचा नकाशा तोच रस्ता दाखवत होता, असे त्या वेळी पोलिसांनी सांगितले. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली जातो हे आसपासच्या गावांना ठाऊक होते. ते नकाशात जायला कुणीतरी ते नोंदवायला हवे होते, किंवा रस्त्यावर ठसठशीत फलक आणि आडवा अडसर हवा होता. ज्या रस्त्यावरून फोनच जात नाहीत, त्या रस्त्याबद्दल हे तंत्रज्ञान जवळजवळ आंधळे असते. सार्वजनिक बांधकाम खात्याने रस्ता बंद केल्याची नोंद त्याच दिवशी नकाशा कंपन्यांना जाईल अशी पद्धत बसवणे अवघड नाही. घाटांत दरडी कोसळणाऱ्या आपल्या राज्यात तर ती कधीच बसायला हवी होती.

थांब्यावरची वाट

बस प्रवाशाला सर्वांत जास्त छळते ती अनिश्चितता. बस वीस मिनिटांनी येणार हे नक्की कळले तर माणूस चहा घेऊन येतो, भाजी घेतो. कळले नाही तर तीच वीस मिनिटे रस्त्याच्या टोकाकडे पाहण्यात जातात. रात्री एकटीने थांब्यावर उभ्या असलेल्या बाईसाठी हा फरक सोयीपुरता राहत नाही, तो सुरक्षिततेचा होतो.

मुंबईत वेळापत्रकाचे ज्ञान खिशात आणण्याचे श्रेय एम-इंडिकेटर या ॲपला आहे. सचिन टेके या तरुणाने ते २०१० मध्ये आणले, इंटरनेट नसतानाही ते चालत असे आणि म्हणूनच ते घराघरांत गेले. ते वेळापत्रक छापील वेळेचे होते. गाडी प्रत्यक्ष कुठे आहे हे कळण्यासाठी गाडीवरच यंत्र लागते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारे यंत्र आणि धोक्याचे बटण बंधनकारक झाले. बेस्टच्या बसगाड्या डिसेंबर २०२१ पासून ‘चलो’ ॲपवर चालताना दिसू लागल्या, मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर लोकलची जागा जुलै २०२२ पासून, आणि पुण्यात पीएमपीचे ॲप २०२४ मध्ये आले.

मोठ्या शहरांबाहेर अजून काम बाकी आहे. तालुक्याच्या स्थानकावर ‘गाडी निघाली का?’ या प्रश्नाचे उत्तर आजही चौकशीच्या खिडकीतल्या माणसाच्या आठवणीवर अवलंबून असते. मुक्कामी गाडीची वाट पाहणाऱ्या वस्तीवर सगळ्यांकडे स्मार्टफोन नसतो, पण एखादा साधा फलक किंवा साध्या फोनवर येणारा संदेश तिथे पुरेल. खर्चाचा भाग म्हणजे गाडीवरचे यंत्र, ते बसले की त्याची खबर प्रवाशापर्यंत नेणे स्वस्त असते. तरीही बहुतेक ठिकाणी ती खबर आगाराच्या पडद्यावरच थांबते.

मीटर कुणाच्या हातात

ओलाची सुरुवात २०१० मध्ये मुंबईतच झाली, उबर २०१३ मध्ये भारतात आली. शहराचे छोटे छोटे चौकोन पाडायचे, कुठल्या चौकोनात किती गाड्या मोकळ्या आणि किती मागण्या आहेत ते सतत मोजायचे, सर्वांत लवकर पोचेल त्या गाडीला भाडे द्यायचे आणि मागणी चढली की दर चढवायचा, हे त्यांचे सूत्र. प्रवाशाच्या दृष्टीने एक मोठा छळ संपला. ‘उधर नहीं जाएगा’ हे ऐकण्यासाठी पाच टॅक्सींना हात दाखवायची गरज उरली नाही, निदान सुरुवातीची काही वर्षे. दर आधी कळू लागला, गाडीचा नंबर घरच्यांना पाठवता येऊ लागला.

टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने मीटर हलला. पूर्वी दर सरकार ठरवी आणि मीटर त्याच्या गाडीत होता. आता दर, कमिशन, कुणाला कुठले भाडे मिळणार आणि कुणाचे खाते बंद होणार, हे सगळे त्याच्या नजरेआड ठरते. आझाद मैदानावर झालेल्या ॲप चालकांच्या आंदोलनांत हीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली. राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात वाढीव दराला मूळ दराच्या दीडपटीची मर्यादा घातली आणि भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा असे ठरवले. अंमलबजावणीवर सगळे अवलंबून आहे.

गोव्यात २०१८ मध्ये पर्यटन महामंडळाच्या पाठिंब्याने गोवामाइल्स आले. स्थानिक टॅक्सीवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. पर्यटक अवाच्या सवा दराची तक्रार करतात, टॅक्सीवाल्यांना धंद्याची दोरी बाहेरच्यांच्या हाती जाण्याची भीती वाटते. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. बंगळुरूत २०२२ च्या अखेरीस ‘नम्मा यात्री’ सुरू झाले, त्यात प्रवासी पैसे थेट रिक्षावाल्याला देतो आणि ॲप दर भाड्यामागे कमिशन कापत नाही, चालकाकडून ठरावीक छोटी फी घेते. तंत्रज्ञान तेच, फक्त मालकीची आणि हिशेबाची मांडणी वेगळी. या उदाहरणामुळे निदान एवढे दिसते की कमिशनचा आकडा सॉफ्टवेअरमुळे ठरत नाही, तो माणसे ठरवतात.

नाक्याच्या जागी बारा आकडे

आता मालाकडे वळू. जकात नाके गेले, पण माल कुठे चालला आहे हे सरकारला कळणे भागच होते. त्यासाठी १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ई-वे बिल लागले. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल निघण्याआधी पाठवणाऱ्याने संकेतस्थळावर दोन भागांत माहिती भरायची. पहिल्या भागात माल, किंमत, देणारा-घेणारा, दुसऱ्यात गाडीचा नंबर. त्यातून बारा आकडी क्रमांक निघतो. ड्रायव्हरच्या फोनवर तो असला की पुरे. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी महाराष्ट्राने एक लाखाची मर्यादा ठेवली आहे.

या बिलाला मुदत असते. आधी शंभर किलोमीटरला एक दिवस मिळे, २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत घातला तर दुसरा भाग नव्याने भरावा लागतो. मुदत संपण्याच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास एवढ्याच वेळात ती वाढवून मिळते. घाटात दरडीमागे अडकलेल्या ड्रायव्हरला हे फोनवरून मालकाला, मालकाने कर सल्लागाराला आणि सल्लागाराने संकेतस्थळाला सांगायचे असते. नाक्यावरची रांग संपली हे खरे. कागद मात्र घड्याळ लावून त्याच्या मागे लागला आहे. मुदत चुकली तर गाडी अडते, आणि अडलेल्या गाडीत मालक बसलेला नसतो.

टोलनाक्यावरच्या फास्टॅगचा प्रयोग २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर झाला आणि फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून तो राष्ट्रीय महामार्गांवर सर्व गाड्यांना सक्तीचा झाला. काचेवरच्या त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते. वरच्या अँटेनाने सोडलेल्या रेडिओ लहरींतूनच तिला क्षणभर पुरेल इतकी शक्ती मिळते, तेवढ्यात ती आपला क्रमांक परत पाठवते आणि खात्यातून पैसे वळते होतात. जिथे खिडकीशी सुट्ट्यासाठी हुज्जत चाले तिथे आता सेकंद मोजतात. त्याच वेळी प्रत्येक गाडी कुठला नाका किती वाजता ओलांडून गेली याची देशभर एक नोंद तयार होत राहते. ती पुढे लागेल.

वाघीण, कंटेनर आणि द्राक्षाची पेटी

रेल्वेच्या यार्डात मालगाडी लागली की एक कारकून वही घेऊन गाडीच्या कडेकडेने चालत जाई आणि प्रत्येक वाघिणीचा नंबर लिहून घेई. पावसात, रात्री, कंदिलाच्या उजेडात. त्या वह्यांवरून आणि फोनवरून कळवलेल्या आकड्यांवरून कुठली वाघीण कुठे आहे हे ठरे. चुका होत आणि वाघिणी हरवत. म्हणजे यार्डात उभ्या असत, पण कुणाच्या हिशेबात नसत. यावर एक सुंदर उपाय निघाला. वाघिणीच्या अकरा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणित करून काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला की शेवटचा जुळत नाही आणि चूक पकडली जाते. समुद्री कंटेनरच्या क्रमांकातही शेवटचा आकडा याच कामाचा. रेल्वेच्या मालवाहतुकीची संगणक प्रणाली आली आणि मागणी नोंदवण्यापासून रेक कुठे पोचला हे पाहण्यापर्यंत सगळे तिच्यात आले.

न्हावा शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. बरीच वर्षे तिथली गोष्ट ट्रेलरच्या रांगांची होती. कंटेनर बंदरातून बाहेर पडला की तो कारखान्यात पोचेपर्यंत त्याचा पत्ता फोनाफोनीवर. २०१६ मध्ये इथूनच ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ सुरू झाली. बंदरात कंटेनरला रेडिओ टॅग लावायचा, वाटेतले टोलनाके आणि कंटेनर डेपो तो वाचत राहणार, आणि आयातदार संकेतस्थळावर कंटेनरचा नंबर टाकून तो कुठे आहे ते पाहणार. निर्यातीच्या कारखान्यात भरलेल्या कंटेनरवर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील आले. ते वाटेत तुटले तर बंदरावर वाचताना कळते, त्यामुळे सगळ्याच पेट्या उघडून तपासायची गरज घटते.

नाशिकचे निर्यातक्षम द्राक्ष या साखळीतला सर्वांत नाजूक प्रवासी. अपेडा या कृषी-निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या व्यवस्थेत बागेची नोंद असते, कीटकनाशकांच्या अंशासाठी नमुना कुठल्या प्रयोगशाळेत तपासला ते असते आणि पॅक हाउसमध्ये पेटीवर पडलेला क्रमांक त्या बागेपर्यंत मागे नेता येतो. नेदरलँड्समधल्या दुकानात तक्रार आली तर निफाडच्या कुठल्या बागेतला माल ते सापडते. २०१० मध्ये एका वाढनियंत्रक रसायनाच्या अंशावरून युरोपने माल अडवला, तेव्हा द्राक्षउत्पादकांना नोंदीचे मोल फार महागात कळले. कंटेनरमध्ये तापमान शून्य अंशाच्या आसपास राखले जाते आणि त्याची नोंद सतत होत राहते, म्हणजे घड लुले पडले तर दोष बागेचा, वाहतुकीचा की जहाजाचा यावर भांडायला आकडे असतात.

इथे खबरीची मर्यादाही दिसते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. नाशिकच्या निर्यातदाराला आपला कंटेनर कुठल्या समुद्रात आहे हे फोनवर दिसत होते. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला होता, आणि ते पाहण्याखेरीज त्याच्या हाती काही नव्हते.

सहा आकडी पत्ता

पार्सल भिवंडीच्या गोदामातून निघून दारापर्यंत येते त्यात सर्वांत जुने तंत्र एका मराठी संस्कृत पंडिताचे आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता-नाटके लिहीत. त्यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाला. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ४, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. भाषा आणि लिपी न कळणाऱ्या माणसालाही पत्र योग्य थैलीत टाकता यावे म्हणून तो होता. आज यंत्रेही त्यावरूनच पार्सलांची वाटणी करतात.

पिनकोड गावापर्यंत नेतो. पुढे ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीशेजारी’ असा पत्ता असतो आणि डिलिव्हरी करणारा मुलगा फोन करत राहतो. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला. त्यात देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले असून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण आहे. वाड्या-पाड्यांवर रुग्णवाहिका बोलावताना याचा उपयोग पार्सलाहून कितीतरी मोठा ठरेल.

परतीचे भाडे

ट्रकमालकाचे गणित परतीच्या भाड्यावर उभे असते. जाताना कांदा मिळाला, येताना रिकामे यावे लागले तर डिझेल आणि टोल अंगावर पडतो. परतीचा माल कुठे आहे ही खबर हुंडेकऱ्याकडे, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या दलालाकडे असे. कळंबोलीच्या किंवा नाशिकच्या ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात ड्रायव्हर दोन-दोन दिवस बसून राही, ‘माल लागला’ असा निरोप येईपर्यंत.

आता ब्लॅकबकसारखी ॲप आहेत. ही कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली. माल कुठून कुठे, किती टन, भाडे किती, हे फोनवर दिसते आणि पोचण्याआधीच परतीचा सौदा होऊ शकतो. तरी हुंडेकरी संपलेला नाही आणि त्याला कारण आहे. तो डिझेलला उचल देतो, माल देणाऱ्याने पैसे थकवले तर मध्ये पडतो, अपघात झाला तर त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करतो. ज्या ॲपांनी डिझेल कार्ड, टोल आणि कर्ज यांची सोय केली त्यांनी त्याच्या कामाचा काही भाग उचलला. रात्री अडीचला जालन्याजवळ गाडी पलटी झाल्यावर धावून जाणारा माणूस मात्र फोनमध्ये नसतो.

वाहतुकीवरचा आपला खर्च फार आहे असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, तेरा-चौदा टक्के हा आकडा सर्रास वापरला जाई. केंद्र सरकारने एनसीएईआर संस्थेच्या मदतीने केलेल्या पाहणीत २०२३-२४ साठी तो देशाच्या उत्पन्नाच्या ७.९७ टक्के निघाला. ही सगळी घट तंत्रज्ञानामुळे झाली असे म्हणणे चूक ठरेल, कारण जुना आकडाच अंदाजाचा होता. नीट मोजणे ही मात्र तंत्रज्ञानाचीच देणगी.

ड्रायव्हरचे तास

अशी सगळी यंत्रे एका माणसाभोवती येऊन जमतात. गाडीतले यंत्र मालकाला गाडीची जागा सांगते, टाकीतला सेन्सर डिझेल किती उतरले ते सांगतो, फास्टॅग नाका सांगतो, ई-वे बिल मुदत सांगते. दहा मिनिटे गाडी उभी राहिली की फोन वाजतो: ‘गाडी का थांबली?’ चोरी कमी झाली, माल वेळेवर पोचू लागला, यात शंका नाही. पण हाच ड्रायव्हर सलग किती तास जागा आहे, हा प्रश्न विचारणारा फोन येत नाही.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आपल्याकडे कागदावर आहे. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्यांना लागू होता, आणि आपल्याकडचे असंख्य मालक एक-दोन गाड्यांचे. युरोपात मे २००६ पासून नव्या अवजड गाड्यांना डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा आहे. ड्रायव्हर स्वतःचे कार्ड यंत्रात घालतो, यंत्र त्याचे तास मोजते. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तास. रस्त्यावरचा तपासनीस नोंद पाहतो आणि नियम मोडला असेल तर मालकालाही जाब द्यावा लागतो.

आपल्याकडे याच माहितीचा माणसाच्या बाजूने उपयोग करण्याचा एक धंदेवाईक प्रयत्न झाला. रिव्हिगो या २०१४ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने टप्प्याटप्प्याला ड्रायव्हर बदलण्याची पद्धत आणली. एकाने काही तास चालवून ठरल्या ठाण्यावर गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि उलट्या दिशेची गाडी घेऊन घरी परतायचे. प्रत्येक गाडी कोणत्या क्षणी कुठे आहे हे कळत असल्यामुळेच हे जमले. माल लवकर पोचे आणि ड्रायव्हर रात्री घरी झोपे. कंपनीला हा धंदा पेलला नाही, २०२२ मध्ये तिचा मोठा भाग महिंद्र लॉजिस्टिक्सने घेतला. पण ही पद्धत रस्त्यावर चालू शकते एवढे तिने दाखवून दिले.

ड्रायव्हरचे तास मोजायला लागणारी माहिती आज बहुतेक आपल्याकडे आहे. फक्त फास्टॅग आणि गाडीतले यंत्र गाडीला ओळखतात, स्टिअरिंगमागे कोण आहे ते त्यांना कळत नाही. ड्रायव्हरांचे परवाने ‘सारथी’ या देशव्यापी नोंदीत आहेतच. तो परवाना गाडीतल्या यंत्राला दाखवून पाळी सुरू करायची आणि दाखवूनच संपवायची, एवढी जोड दिली तर तास मोजता येतील. ई-वे बिलाच्या मुदतीत सक्तीच्या विश्रांतीचे तास आपोआप मिळवता येतील, म्हणजे झोपल्याबद्दल दंड होणार नाही. आणि ही नोंद ड्रायव्हरच्या स्वतःच्या फोनवर, त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळायला हवी. तेव्हाच वीस तास गाडी हाकायला लावणाऱ्या मालकापुढे आणि अपघातानंतर सगळा दोष त्याच्या डुलकीवर टाकणाऱ्या विमा कंपनीपुढे त्याला आपले आकडे ठेवता येतील.